राज्य गेलेल्या राजाचं कपाट

लाकडी वस्तू नुसती बघून तिचं वय आणि मूळ सांगायचं, ही विद्या सगळ्यांना येत नाही. मला येते! म्हणजे येत होती. म्हणजे अगदी परवापरवापर्यंत ती मला येते याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पोटापाण्यासाठी मी पार्सलच्या ऑफिसात बसतो. तक्रार विभाग. लोक फुटक्या बरण्या, मोडके पंखे आणि वाकलेल्या सायकली घेऊन येतात, माझ्यावर ओरडतात आणि जातात. पण हा झाला पोटाचा भाग. जीव रमतो तो जुन्या लाकडात! मोबाइलवर जुन्या फर्निचरचे किती व्हिडिओ पाहिले त्याला गणती नाही. सांधा बघावा, बिजागरी बघावी, खणात नाक घालून वास घ्यावा आणि मग वस्तूच्या मागे जाऊन टॉर्च मारावा. वस्तूचं तोंड खोटं बोलेल, पाठ कधी खोटं बोलत नाही! हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की हल्ली बायको माझ्याकडे पाठ करूनच बसते.

तर एका रविवारी आम्ही दोघं सासुरवाडीला गेलो. तिथे माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, घराची डागडुजी काढली होती. सासूबाईंच्या खोलीत भिंतभर नवं कपाट बसणार होतं आणि त्यासाठी जुनं जाणार होतं.

"उद्या माणसं येतील आणि जागेवरच तोडून नेतील," मेहुणा म्हणाला. "नुसती अडगळ आहे हो भावोजी! धड उघडत नाही, धड मिटत नाही."

सासूबाई कपाटाला लागून असलेल्या पलंगावर बसल्या होत्या. एरवी त्या लेकाला एका वाक्यात गप्प करतात. आज मात्र कपाटाच्या दारावर हात ठेवून नुसत्या ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तोडायचं तर तोड बाबा. पण आधी जावईबापूंना दाखव. त्यांना जुन्यातलं कळतं ना? ह्यांनी जुन्या बाजारातून आणलं म्हणून सांगायचे सगळ्यांना."

'हे' म्हणजे आमचे सासरेबुवा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. कारखान्यात नोकरी, स्वभावाने अबोल, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक.

आता तुम्हीच सांगा, माझी छाती फुगणार नाही तर काय होईल? लग्न झाल्यापासून सासुरवाडीत माझं मत पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं. एरवी मला तिथे "अजून चहा घेणार का?" यापलीकडे काही विचारत नाहीत. मी बाह्या सरसावल्या आणि मोबाइलचा टॉर्च लावला.

कपाट तसं मी अनेकदा पाहिलं होतं, पण जावयाच्या नजरेने. जाणकाराच्या नजरेने आज पहिल्यांदाच पाहत होतो. वर दोन दारं, खाली जमिनीला टेकलेला एक रुंद खण. अंगाने ऐसपैस, मधे फुगलेलं, डावीकडे थोडं कललेलं.

"खण काढा!" मी डॉक्टरसारखा हुकूम सोडला. मेहुण्याने ओढला. खण ढिम्म! तेव्हा सासूबाईंनी बसल्या जागेवरून डाव्या कोपऱ्याला पायाने हलकीशी ढोसणी दिली आणि खण सुळकन बाहेर आला.

"पाहिलंत? गुप्त कळ!" मी ओरडलो. "जुने कारागीर असंच करायचे! आणि हे सांधे बघा. एकासारखा दुसरा नाही! यंत्राने कापले असते तर सगळे सारखे आले असते. हे हाताचं काम आहे, हाताचं! आणि बिजागऱ्या? तीन बिजागऱ्या, तीन तऱ्हेच्या. म्हणजे तीन पिढ्यांनी दुरुस्त केलंय."

"पण खण इतका खाली का?" बायकोने विचारलं. "काही काढायचं म्हणजे कंबरेचे टाके ढिले होतात."

"कारण त्या काळी मालक खण उघडतच नसत! नोकर यायचा, गुडघे टेकायचा आणि उघडायचा."

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या.

आता मला थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. मी कपाटाच्या फुगीर अंगावर थाप मारली आणि भाषणच ठोकलं. "लाकडाचं माणसासारखंच असतं बघा. वय झालं की मधे फुगतं, एका बाजूला कलतं, जरा हलवलं की कुरकुरतं. आणि एक लक्षात ठेवा, कितीही पॉलिश मारलं तरी वय लपत नाही!"

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. मी विसरलो होतो, तोच घात झाला.

मग आम्ही कपाट भिंतीपासून पुढे सरकवलं. मी मागे शिरलो, पाठीवरचं जाळं झटकलं आणि टॉर्च मारला. अंगावर शहारा आला! मधल्या फळीवर पुसट काळ्या रंगात चिन्हं होती. तीन चिन्हं, एका ओळीत.

"पालथा पेला दिसतोय," मेहुणा माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला.

"पेला काय म्हणतोस! चषक म्हण, चषक! आणि शेजारी काय आहे? छत्र! उलटं आहे, पण छत्रच आहे. आणि हे दोन भाले, टोकं खाली!" मी टॉर्च अगदी जवळ नेला. "अरे, हे राजचिन्ह आहे! छत्र, चषक आणि भाले!"

"मग सगळं उलटं का हो?"

मी क्षणभर डोळे मिटले. असे क्षण विद्वानाच्या आयुष्यात क्वचितच येतात. "छत्र उलटं, म्हणजे राज्य गेलं. भाल्यांची टोकं खाली, म्हणजे लढाई हरला. चषक पालथा, म्हणजे त्या दुःखात दारूही सोडली!"

"बिच्चारा!" मेहुणा हळहळला.

सासूबाई तोंडावर रुमाल धरून खोकायला लागल्या. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. कपाटामागची धूळ नाकात गेली असणार, असं मला वाटलं.

मी हात झटकत बाहेर आलो आणि निकाल दिला. कपाट दीडशे वर्षांचं, बनावट समुद्रापलीकडची, मूळ मालक एक राज्य गेलेला राजा. आमचे सासरेबुवा किती भाग्यवान, जुन्या बाजारात त्यांच्या हाती हे घबाड लागलं!

"म्हणजे तोडायचं नाही ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तोडायचं काय म्हणतेस!" मेहुणा किंचाळला. "हात लावायचा नाही कुणी!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी त्यांचा लाडका जावई झालो, यात शंका उरली नाही. एकुलता एक असल्यामुळे स्पर्धा नव्हती म्हणा, पण तरी.

गोष्ट इथे संपली असती तर आज मी कॉलर ताठ करून फिरलो असतो. पण आमचा मेहुणा म्हणजे एक टोक सुटलं की थेट दुसरं टोक! त्याने कपाटाभोवती दोरी बांधली. लाकडावर वजन नको म्हणून सासूबाईंचे सगळे कपडे बाहेर काढून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवर रचले. परिणामी घरातली माणसं उभ्याने जेवायला लागली. सासूबाई रात्री पलंगावर जरा जोराने कुशीवर वळल्या तरी हा बाहेरून ओरडायचा, "आई, हळू! हादरे बसतात!"

शिवाय याने ही बातमी आख्ख्या इमारतीत पसरवली. लोक चपला काढून कपाट बघायला यायला लागले. आणि प्रत्येक सांगण्यागणिक कपाटाचं वय वाढायला लागलं. जिन्यात दीडशेचं पावणेदोनशे झालं, वरच्या मजल्यावर दोनशे. एका संध्याकाळी मेहुण्याचा मला फोन आला.

"भावोजी, अडीचशे म्हणायला काय हरकत आहे हो?"

"अरे, ती काय भाजी आहे का?"

"तसं नाही. येत्या रविवारी एक जाणकार येतायत, जुन्या वस्तूंचं मोठं दुकान आहे त्यांचं. आपलं थोडं जास्तच सांगितलेलं बरं."

त्या रविवारी ते जाणकार आले. गळ्यात भिंग, खिशात भिंग, हातात भिंग. मी मनातल्या मनात त्यांचं नाव भिंगवाले ठेवलं. त्यांच्यासोबत दोन दणकट हमाल होते आणि खाली टेम्पो उभा होता. हा माणूस खरोखरचा जाणकार निघाला तर? पण भिंगवाल्यांनी कपाटाला एक प्रदक्षिणा घातली, खणात नाक खुपसलं, पाठीवरचं राजचिन्ह पाहिलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"दीडशे? साहेब, तुम्ही फार घाबरत घाबरत अंदाज काढता! तीनशे!"

"तीनशे?" मी म्हणालो. हेवा वाटला हो मला!

"या घराण्याची चिन्हं मी ओळखतो. शेवटचा राजा भ्रमिष्ट होता," भिंगवाले ठामपणे म्हणाले. मग मेहुण्याकडे वळले. "आत्ताच नेतो. माझ्या दुकानात काचेच्या मागे उभं करू, चांगलं गिऱ्हाईक मिळेल."

मेहुण्याने लगेच दोरी सोडली. हमाल पुढे झाले.

"नेणार?" सासूबाई पलंगावरून उठल्या. "म्हणजे विकणार?"

"मग काय आई! एवढी मौल्यवान वस्तू कुणी घरात ठेवतं का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही ते वाचवलंत."

मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या माऊलीला तेवढं एक कपाट हवं होतं. मी ते गेल्या रविवारी कुऱ्हाडीतून सोडवलं आणि या रविवारी स्वतःच्या तोंडाने टेम्पोत घालत होतो! मी ताबडतोब घसा खाकरला.

"हे बघा, कदाचित ते तितकं जुनं नसेलही."

"सांधे हाताने कापलेले आहेत, हे तुम्हीच म्हणालात ना?" भिंगवाल्यांनी भुवया चढवल्या.

"सुतार नवशिका असेल!"

"तीन तऱ्हेच्या बिजागऱ्या?"

"मिळाल्या तशा लावल्या असतील!"

सासूबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"आणि राजचिन्ह?" भिंगवाल्यांनी शेवटचा बाण सोडला.

राजचिन्ह मात्र माझ्याच्याने खोटं म्हणवेना. खरं सांगायचं तर त्या राजावर माझा जीव जडला होता. तेवढ्यात हमालांनी कपाट उचललं.

उचललं, दारापर्यंत नेलं आणि तिथे ते थडकलं. उभं नेलं तर वरची चौकट आडवी येई. आडवं केलं तर दोन्ही बाजूंच्या चौकटी. मग अशा वेळी जे होतं तेच झालं. ज्याने आयुष्यात उशीसुद्धा उचलली नाही असा प्रत्येक माणूस सूचना द्यायला लागला. "डावीकडे घ्या!" "अहो, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे!" "तिरकं करा!" "आता थोडं सरळ तिरकं करा!" दाराचं पान बिजागरीतून काढून झालं. कपाट पोटावर निजवून झालं, पाठीवर निजवून झालं. शेवटी एकदा सगळ्यांनी मिळून जोर लावला आणि ते तिरपं होऊन दारात असं घट्ट रुतून बसलं की पुढेही जाईना, मागेही येईना!

आता खोलीत मी, सासूबाई, भिंगवाले आणि एक हमाल. बाहेर बायको, मेहुणा आणि दुसरा हमाल. मधे राज्य गेलेला राजा.

"हात लावा, पण ओरखडा नको!" बाहेरून मेहुणा.

"खिडकीतून काढा!" मी. खिडकी कपाटाच्या निम्मीसुद्धा नव्हती.

कपाटाच्या वरच्या फटीतून बायकोचे डोळे दिसले. ती कशावर तरी चढून उभी होती. "एक विचारू का?" ती म्हणाली. "हे बाहेर जात नाही ना? मग ते आत आलं कसं?"

हमालांनी एकमेकांकडे बघितलं, म्हणजे फटीतून जेवढं दिसलं तेवढं. आम्ही सगळे भिंगवाल्यांकडे बघायला लागलो. शेवटी जाणकार तेच होते.

"उघड आहे," भिंगवाले म्हणाले. "आधी कपाट ठेवलं, मग त्याच्याभोवती इमारत बांधली."

"तीनशे वर्षं मैदानात उभं होतं का?" बायकोने विचारलं.

"ते काही असो!" मेहुणा पेटला होता. "कपाटाला धक्का लागता कामा नये. मी हातोडा आणतो, चौकट फोडूया! नाही जमलं तर भिंत पाडू!"

आणि तेवढ्यात सासूबाई हसायला लागल्या. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर. हसता हसता पलंगावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. गेल्या रविवारचा तो खोकला कसला होता, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

"राहू दे तो हातोडा," त्या लेकाला म्हणाल्या. "हे कपाट कुठून आलं नाही आणि कुठे जाणार नाही. ह्यांनी केलंय ते. याच खोलीत बसून!"

"कुणी? बाबांनी?" मेहुणा फटीत डोकं घालायला धडपडला.

"मग काय तर! आम्ही नुकतेच या घरात राहायला आलो होतो. कामावरून यायचे आणि ठोकत बसायचे. हातात कधी करवत धरली नव्हती. एक सांधा धड जमला असेल तर शपथ! बिजागऱ्या शेजारपाजारच्या मोडक्या दारांच्या. सगळं उभं राहिलं, पॉलिश झालं, आणि मग ह्यांच्या लक्षात आलं की हे दारातून बाहेर जायचं नाही."

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? म्हणाले, बाहेर न्यायचंय कशाला?" सासूबाईंनी डोळे पुसले. "पण पहिल्याच दिवशी ह्यांचा भाऊ आला आणि पोट धरून हसला. म्हणाला, हे कुठल्या आंधळ्या सुताराकडून आणलंस? हे इतके ओशाळले! म्हणाले, जुन्या बाजारातून आणलंय. आणि मला सांगितलं, तू कुणाला सांगू नकोस. नाही सांगितलं मी कधी. तुम्ही राजा काढलात जावईबापू, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, ह्यांची लाज राहिली आणि कपाटही राहिलं."

"पण ते राजचिन्ह?" भिंगवाल्यांनी केविलवाणा प्रश्न केला.

"अहो, कसलं राजचिन्ह! ह्यांच्या कारखान्यात परदेशातून यंत्रं आली होती. त्या खोक्याच्या फळ्या आहेत मागे. त्यातली एक उलटी ठोकली."

फटीतून बायकोचे डोळे सावकाश माझ्याकडे वळले. "छत्री म्हणजे पावसात भिजवू नका," ती म्हणाली. "पेला म्हणजे आत नाजूक वस्तू आहे. बाण म्हणजे ही बाजू वर. अहो, तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येक खोक्यावर असतं ना हे?"

असतं. रोज बघतो मी. पण सरळ बघतो! उलटं असल्यावर माणूस कसा ओळखणार? आणि खरं सांगू का, आमच्या ऑफिसात ती चिन्हं कुणीच बघत नाही. म्हणून तर माझा तक्रार विभाग इतका जोरात चालतो.

"म्हणजे समुद्रापलीकडचं, हे तर बरोबर होतं!" मी म्हणून पाहिलं. कुणी दाद दिली नाही.

भिंगवाले कपाटाच्या खालच्या फटीतून रांगत बाहेर गेले. गुडघे झटकत एवढंच म्हणाले, "हल्ली दारं फार अरुंद करतात." हमालांनी मात्र भलेपणाने कपाट मोकळं केलं आणि जागच्या जागी नेऊन ठेवलं. ते आपल्या सवयीने पुन्हा डावीकडे कललं. मेहुण्याने त्याच्या दारावरून हात फिरवला. मग नाक ओढून म्हणाला, "नवं कपाट खिडकीकडच्या भिंतीला बसवू. हे इथेच राहू दे." सासूबाईंनी खुर्च्यांवरचे कपडे उचलायला घेतले.

बायको खणासमोर जमिनीवर बसली होती. "आई, बाबांनी खण इतका खाली का केला गं?"

"तुझ्यासाठी," सासूबाई म्हणाल्या. "तू पोटात होतीस. म्हणाले, पोर रांगायला लागली की तिचे कपडे तिच्या हाताला लागले पाहिजेत. हे कपाट उभं राहिलं आणि त्याच आठवड्यात तू झालीस."

बायकोने डाव्या कोपऱ्याला पायाने हलकेच ढोसलं. खण उघडला. तिने आत हात घालून तळावरून बोटं फिरवली आणि तिचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. मी तिच्या शेजारी बसलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला. किती सुंदर क्षण होता तो!

तेवढ्यात तिने डोळे पुसले आणि मान वर केली. "म्हणजे हे कपाट बरोबर माझ्या वयाचं."

"हो ना!" मी भाबडेपणाने म्हणालो. "काय योग आहे बघ!"

"वय झालं की मधे फुगतं," ती शांतपणे म्हणाली. "एका बाजूला कलतं. जरा हलवलं की कुरकुरतं. आणि कितीही पॉलिश मारलं तरी वय लपत नाही. दीडशे वर्षं ना?"

मी आधारासाठी सासूबाईंकडे बघितलं. लाडक्या जावयाकडे त्यांनी पाठ केली होती आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते.

तेव्हापासून मी अंदाज काढणं बंद केलंय. कुणी काहीही दाखवो, माझं उत्तर ठरलेलं असतं. परवाच संध्याकाळी बाहेर जायचं होतं. मी चपलेचा पट्टा लावत होतो, बायको आतून तयार होऊन आली आणि तिने विचारलं, "कशी दिसते?"

"अगदी आत्ताच दुकानातून आणल्यासारखी!" मी तत्परतेने म्हणालो.

"आधी मान तरी वर करा!"